पत्राखालचं गाव

‘साध्या माणसाचं मत’ असा विषय संपादकांनी या अंकासाठी सुचवला. चालू घडामोडींवर आणि रोजच्या जगण्यावर माणसं सहज जे बोलतात ते ऐकायचं, तर आधी ते कुठे बोललं जातं हे बघावं लागतं. एसटी स्टँडवरचं बाकडं, सलूनमधली खुर्ची, लोकलमधला ठरलेला डबा, देवळासमोरचा पार आणि आता घरोघरी पोचलेला व्हॉट्सॲप ग्रुप, अशी ही ठिकाणं. यातल्या बहुतेक ठिकाणचं बोलणं तिथेच संपतं. ते छापून जपणारं जुनं ठिकाण म्हणजे वर्तमानपत्रातलं वाचकांच्या पत्रांचं सदर. ‘लोकसत्ता’त त्याचं नाव ‘लोकमानस’, ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये ‘बहुतांची अंतरे’. जिल्ह्याच्या दैनिकांतही ते कुठल्या ना कुठल्या नावाने असतंच. अग्रलेख न वाचणारी माणसंही हा कोपरा वाचतात.

या कोपऱ्यात पोचेपर्यंत पत्राचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पहिली कात्री लागते ती प्रस्तावनेला. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून मी संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो’ हे वाक्य जातं. मग विशेषणं जातात, नंतर एकच मुद्दा दुसऱ्यांदा सांगणारा परिच्छेद जातो. उरतात त्या आठ-दहा ओळी: आमच्या भागात पाणी रात्री दोनला येतं, त्यामुळे बायकांची झोप मोडते, टाकीचं काम रखडलं आहे, आणि ते पूर्ण होईपर्यंत वेळ तरी बदला. पत्राला मथळा उपसंपादक देतो. खाली नाव येतं आणि नावापुढे गाव: डोंबिवली, इचलकरंजी, परभणी, वेंगुर्ला. पूर्ण पत्ता आणि फोन नंबर वर्तमानपत्राला कळवावा लागतो, पण तो छापला जात नाही. पुढच्या आठवड्यात त्याच सदरात दुसऱ्या कुणाचं उत्तर येऊ शकतं: पाणी रात्री सोडावं लागतं, कारण दिवसा दाब वरच्या वस्तीपर्यंत पोचत नाही. वादाच्या विषयावर आलेली सगळी पत्रं छापायचं बंधन संपादकावर नाही. मात्र निवड एकतर्फी होऊ नये असा प्रामाणिक प्रयत्न त्याने करावा, असं भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे.

साध्या माणसाच्या मताची किंमत कशात असते, याचं उत्तर मला या मांडणीत दिसतं. त्याने सगळा विषय अभ्यासलेला असावा अशी अपेक्षा नसते. तो कुठे उभा राहून बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि जिथे तो बोलला तिथेच त्याला उत्तर देता येतं. या दोन गोष्टी असल्या की अर्धवट, एकांगी मतातूनही समाजाला काही नवं कळतं. त्या नसल्या की तेच मत निरुपयोगी होतं, आणि कधी कधी जीवघेणंही.

कांद्याचे दोन भाव

महाराष्ट्रात ज्यावर मत नाही असा माणूस सापडणार नाही, असा विषय म्हणजे कांदा. सप्टेंबर-ऑक्टोबरात किरकोळ बाजारात भाव चढला की शहरातल्या भाजीच्या गाडीभोवती एक वाक्य हमखास ऐकू येतं, की या वर्षी शेतकऱ्याची चांदी झाली. त्याच दिवशी लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात, लिलावासाठी लागलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत, बरोबर उलटं वाक्य ऐकू येतं, की भाव वाढला तेव्हा आमच्याकडे माल कुठे उरला होता. दोघंही खरं बोलत असतात. प्रत्येकाने जेवढं पाहिलं तेवढं तो सांगतो, आणि दोघांच्या पाहण्यामध्ये कांद्याच्या चाळीत गेलेले चार-पाच महिने असतात.

उन्हाळ कांदा निघतो तो साधारण मार्च ते मे या काळात. सगळ्यांचा माल एकदमच येतो, म्हणून भाव पडतो. ज्याला पैशाची निकड आहे तो पडत्या भावात विकून मोकळा होतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो कांदा भरून ठेवतो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा फटी ठेवलेल्या भिंती आणि वर पत्रा किंवा कौलं. तरीही पावसाळ्यात दमट हवेने कांदा सडतो, त्याला कोंब फुटतात, आणि चांगल्या कांद्यातलं पाणीही सुकत जातं. भरताना जेवढं वजन होतं, त्यातला चौथा-तिसरा हिस्सा सहज जातो, हवामान वाईट असलं तर त्याहून जास्त. सडलेला कांदा निवडून काढायची मजुरी वेगळी. म्हणजे सप्टेंबरचा भाव मार्चच्या दुप्पट असला, तरी शेतकऱ्याच्या हातात दुप्पट पैसे पडत नाहीत. उशिराच्या खरिपाचा, म्हणजे रांगडा कांदा घेणाऱ्याला तर एवढं थांबणंही शक्य नसतं, तो कांदा टिकतच नाही.

सरकारच्या निर्णयांनाही असेच दोन चेहरे असतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली आणि ती बंदी मे 2024 मध्ये उठवली. शहरातल्या गृहिणीचं म्हणणं होतं, भाव आटोक्यात ठेवला हे बरं केलं. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं म्हणणं होतं, बाहेरचं गिऱ्हाईक एका रात्रीत तोडलंत, ते परत जोडायला वर्षं लागतील. यातलं कुठलं मत बरोबर, हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटत नाही. गृहिणीच्या बोलण्यातून महिन्याचं घरखर्चाचं गणित कळतं, शेतकऱ्याच्या बोलण्यातून साठवणुकीचं आणि बाजारपेठेचं. धोरण ठरवणाऱ्याला दोन्ही कळायला हवीत. अडचण येते ती दोन्ही वाक्यांमागचं गाव पुसलं जातं तेव्हा. मग ‘शेतकरी माजलेत’ आणि ‘शहरवाले फुकटे आहेत’ अशी दोन घोषवाक्यं उरतात, आणि त्यांतून कुणालाच काही नवं कळत नाही.

एसटीतही हेच आहे. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते. त्याआधी ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. ‘फुकटची सवय लागली’ असं म्हणणारे प्रत्येक स्टँडवर भेटतात. पण भाजीची पाटी घेऊन आठवडी बाजाराला निघालेल्या बाईला विचारलं, तर ती सवलतीवर भाष्य करणार नाही. पूर्वी एकच बाजार करायची, आता लांबचा दुसराही परवडतो, एवढं ती सांगेल. कंडक्टर गर्दीचं आणि सुट्ट्या पैशांचं सांगेल. गाडी उशिरा येते, आणि आली तरी उभं राहायला जागा नसते, हे कॉलेजची पोरं सांगतील. सवलत योग्य की अयोग्य यावरच्या तासाभराच्या चर्चेत जे कळत नाही, ते या तीन उत्तरांत कळतं. सवलत दिली, गाड्या वाढवल्या का, हा खरा प्रश्न त्यांतूनच पुढे येतो.

दाराबाहेर कोण होतं

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घ्यायलाच हवा. पत्रांच्या सदराचं एवढं कौतुक करता, पण तिथे लिहीत होतं कोण? बहुतांशी शहरातले, शिकलेले, वरच्या जातींतले, पेन्शनीत निघालेले पुरुष. तीच तीच नावं वर्षानुवर्षं दिसत. ज्यांच्यापाशी लिहायला अक्षर नव्हतं, पाठवायला सवड नव्हती, किंवा ज्यांचं लिहिलेलं छापायची संपादकाची इच्छा नव्हती, त्यांचं काय?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावा मराठी पत्रकारितेच्या इतिहासातच आहे. पुण्यातल्या फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये छापला तो मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने. आजूबाजूला घडलेलं पाहून काढलेलं रोखठोक मत म्हणजे काय, हे त्या निबंधाने दाखवून दिलं. पुढे 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. दुसऱ्यांच्या पानावर जागा मिळत नाही म्हणून स्वतःचं पान काढावं लागलं. तेव्हा पत्रांचं सदर म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं अंगण होतं, असं म्हणणं खोटं ठरेल.

दुसरा आक्षेप नावाबद्दलचा आहे. नाव आणि गाव घालून बोलायचं हे बळकट माणसाला सोपं असतं. गावच्या सरपंचाविरुद्ध बोलणारी विधवा, साहेबाविरुद्ध बोलणारा शिपाई किंवा सासरच्या त्रासाबद्दल लिहिणारी सून यांना नाव घालणं महागात पडतं. इथे मला लोकहितवादींची आठवण होते. गोपाळ हरि देशमुख इंग्रजांच्या नोकरीत होते. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात 1848 ते 1850 या काळात त्यांनी लिहिलेली पत्रं ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्षात ती 108 आहेत. लग्नातला खर्च, विद्येची उपेक्षा, ब्राह्मणांचा आळस, इंग्रजी राज्यातून घ्यायचे धडे, असे रोजच्या जगण्यातले आणि राजकारणातले विषय त्यांत एकत्र येतात. खाली ‘लोकहितवादी’ एवढंच टोपणनाव असे. वाचकाला खरं नाव दिसत नव्हतं, पण पत्राची जबाबदारी घेऊन ते छापणारा एक संपादक मध्ये उभा होता. पत्राला उत्तर द्यायचं तर कुठे द्यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणजे नाव चव्हाट्यावर असलंच पाहिजे असं नाही. बोलणारा खरा माणूस आहे, त्याने हे स्वतः पाहिलं आहे, आणि चुकलं तर दुरुस्ती मागायला एक दार आहे, याची हमी कुणीतरी द्यायला हवी. दुबळ्याला झाकून ठेवणारी ही व्यवस्था पूर्वी होती, मात्र थोड्यांच्याच वाट्याला येत होती. ती मोडायचं कारण नव्हतं, तिचं दार रुंद करायला हवं होतं. फोन हातात आल्यावर दार रुंद झालं खरं, पण हमी नाहीशी झाली.

पालघर आणि राईनपाडा

या बदलाचे दोन्ही टोकांचे परिणाम महाराष्ट्राने साडेपाच वर्षांच्या अंतराने पाहिले.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर त्याबद्दल दोन-चार वाक्यं लिहिली. आशय एवढाच होता, की माणसं रोज जातात, जग चालू राहतं, आणि हा बंद आदरापेक्षा भीतीने पाळला जातो आहे. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली आणि तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. टपरीवर कुणीही बोलून जाईल असं ते मत होतं. पटणारं किंवा न पटणारं, पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यावर मांडलेलं. नंतर गुन्हा मागे पडला, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाखाली अशा अटका होत होत्या, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या मानल्या आणि कायद्याचा हात फक्त तिसरीपर्यंत पोचू शकतो असं स्पष्ट केलं. एवढं होऊनही रद्द झालेल्या कलमाखाली पुढची कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2021 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला.

आता दुसरं टोक. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप कित्येक दिवस फोनवरून फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि ठेचून मारलं. त्या महिन्यांत देशभर फिरणारी मुलं पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. तो निरोप कुणी लिहिला, कुठल्या गावातून निघाला, मूल नक्की कुणाचं पळवलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. ‘सावध राहा, सगळ्यांना पाठवा’ एवढंच होतं. तो पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, की आपण काही म्हणत नाही, फक्त पुढे देतो आहोत.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की जे दिसतं त्याने मन अस्वस्थ होतं. जिने नाव घालून मत मांडलं तिला आपण कोठडीत पाठवलं, आणि ज्याला नाव-गाव काहीच नव्हतं त्या निरोपावर विश्वास ठेवून माणसं मारली. सामान्य माणसाने यातून जो धडा घेतला तो उघड आहे: स्वतःचं असं काही बोलू नये, दुसऱ्याचं पुढे ढकलावं. आज बहुतेक ग्रुपवर तेच चालतं. राजकारणावरचं, आरोग्यावरचं, इतिहासावरचं जे काही सकाळपासून येतं, त्यात पाठवणाऱ्याचं स्वतःचं वाक्य क्वचित असतं. लोक फार मतं देतात अशी तक्रार सारखी ऐकू येते. मला उलटं वाटतं. स्वतःचं मत देणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि ही काळजीची गोष्ट आहे.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. फार फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण येते, आणि एप्रिल 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. याने वेग कमी झाला. पण निरोपाच्या मागे कोण आहे हे बाण सांगत नाहीत, आणि एका ग्रुपवर दिलेलं उत्तर त्याच निरोपामागे दुसऱ्या ग्रुपपर्यंत जात नाही. ग्रुपच्या ॲडमिनला सगळ्यासाठी जबाबदार धरा, असाही एक उपाय सुचवला जात असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तो रास्तच नाकारला. सदस्याने काय टाकावं यावर ॲडमिनचा ताबा नसतो, मग दुसऱ्याच्या लिहिण्यासाठी त्याला आरोपी कसं करणार?

मेंढ्यातला अभ्यासगट

मग बोलायचं कसं आणि कुठे, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ते महाराष्ट्राला माहीत झालं. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला 2009 मध्ये, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर. बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला 2011 मध्ये. बातम्या झाल्या त्या या दोन गोष्टींच्या. त्यांच्या आधी कित्येक वर्षं गावात जे चाललं होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मेंढ्यात बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवलेली आहे. बोलण्याची जागा म्हणजे अभ्यासगट. ज्याला रस आहे तो येतो. विषय जंगलाचा असेल, दारूचा असेल, मधमाश्यांचा किंवा एखाद्या कायद्याचा असेल. प्रत्येकाने आपल्याला वाटेल ते म्हणावं, चुकीचंही म्हणावं. गरज पडली तर बाहेरून जाणकार बोलावला जातो. तो माहिती देतो, प्रश्नांना उत्तरं देतो, पण निर्णय सांगत नाही. अभ्यासगटही निर्णय घेत नाही. निर्णय होतो ग्रामसभेत, आणि तो बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन मानत नसेल तर विषय पुढे ढकलतात आणि पुन्हा बोलतात.

यातून ‘प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीवर मत का द्यावं, ते जाणकारांचं काम आहे’ या आक्षेपालाही उत्तर मिळतं. जंगलाची वाढ किती, तोड किती करावी, हे वनशास्त्र जाणणारा अधिक नेमकं सांगेल यात वाद नाही. पण बांबू तोडायच्या दिवसांत घरात कोण मोकळं असतं, कुठल्या वाटेवर हत्यार घेऊन जायला बायका घाबरतात, कंत्राटदार मजुरी कधी बुडवतो, हे जाणकाराला गावच सांगू शकतं. दोघांची माहिती वेगवेगळी आहे, आणि ती एकाच बैठकीत समोरासमोर आली म्हणून गावाला आपलं जंगल सांभाळता आलं. सामान्य माणूस जाणकाराची नक्कल करायला लागला, वाचलेले आकडे फेकायला लागला, की तो दुबळा होतो. आपण पाहिलेलं सांगायला लागला की त्याला बाजूला सारणं कठीण असतं.

मेंढा लहान आहे, एकजिनसी आहे, तिथलं पुण्या-मुंबईत कसं चालेल, असं विचारलं जाईल. सर्वसहमती तिथे चालणार नाही, हे मान्य. पण बोलणं आणि ठरवणं वेगळं ठेवायला गाव लहान असावं लागत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून जी भांडणं होतात, त्यांतली निम्मी होतात ती तो विषय त्याआधी कुणीच शांतपणे बोललेलं नसतं म्हणून. ग्रुपवर तीन महिने टोमणे चाललेले असतात, आणि सभेत थेट हात वर करायची वेळ येते. सभेच्या पंधरा दिवस आधी निर्णय न घेणारी एक बैठक ठेवली, तिथे प्रत्येकाने आपली गाडी, आपली अडचण, आपल्या घरातला आजारी माणूस याबद्दल सांगितलं, आणि त्याची नोंद पुढच्या सभेसमोर ठेवली, तर तो अभ्यासगटच झाला. त्याला कुठलाही नवा कायदा लागत नाही.

खेड्यात तर ठरवण्याची जागा कायद्यानेच दिलेली आहे. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली लहान संख्या पुरते. तेवढीही माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पाच-सात माणसं बसून गावाचा आराखडा मंजूर करतात, आणि त्याच संध्याकाळी पारावर पन्नास माणसं तोच आराखडा कसा चुकला यावर बोलत असतात. त्या पन्नास जणांचं म्हणणं बहुधा बरोबर असतं. रस्ता कुठल्या वळणावर पाण्याखाली जातो, अंगणवाडीची किल्ली कुणाकडे असते, टँकर कुठल्या वस्तीला टाळून जातो, हे त्यांना पाठ असतं. सभेच्या इतिवृत्तात मात्र यातलं एक अक्षर नसतं. 26 जानेवारीला ग्रामसभा असते. पारावरच्या पन्नासांपैकी वीस जणांनी तोवर दोनदा एकत्र बसून आपलं म्हणणं कागदावर उतरवावं, ज्यांना उघडपणे बोलणं धोक्याचं आहे त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाशिवाय त्यात घ्यावं, खाली वस्तीचं नाव घालावं, आणि सभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ते वाचून इतिवृत्तात नोंदवायला लावावं.